श्रीलंकेला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

कोलंबोत एक रात्र पुरे. खरा वेळ सिगिरियाला द्या. जवळपास २०० मीटर उंच कातळ, हजारावर पायऱ्या. उजाडताच चढायला लागा, नाहीतर ऊन तापल्यावर लोखंडी जिन्यावर रांगेत अडकलात की जीव नकोसा होतो. वाटेत पाचव्या शतकातली अप्सरांची भित्तिचित्रं आहेत, तिथे फोटोला मनाई. दांबुल्लाची लेणी त्याच दिवशी दुपारी उरकतात. (अजिंठा पाहिलेल्यांनी तुलना मनातच ठेवावी!) देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर मुळीच नको. आणि जून-जुलैत जाणार असाल तर गॉलच्या किनाऱ्याचा हट्ट सोडा. तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला असतो. सरळ पूर्वेला त्रिंकोमाली गाठा, तिथे पाऊस फारसा नसतो.