छिद्रातून प्रथिने ओळखताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नॅनोपोअरमधून प्रथिन जाते तेव्हा उपकरणाला काय दिसते? रेणूचे चित्र मिळते का?

चित्र नाही, मिळतो तो विद्युतप्रवाहाचा आलेख. नॅनोपोअर म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचे छिद्र. खाऱ्या द्रावणाचे दोन कप्पे, मध्ये पातळ पटल आणि त्यात एकच छिद्र. व्होल्टेज लावले की आयन त्यातून वाहू लागतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूपासून मिळणाऱ्या अल्फा-हिमोलायसिन या प्रथिनाचे छिद्र घेतले, तर त्याचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम १.४ नॅनोमीटरचा, एक मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये १०० मिलिव्होल्टला त्यातून साधारण १०० पिकोअँपिअर प्रवाह वाहतो. रेणू आत शिरला की प्रवाह घसरतो, बाहेर पडला की पूर्ववत होतो. किती घसरला आणि किती वेळ घसरलेला राहिला, यावरून रेणूबद्दल अनुमान काढायचे. रक्तपेशी मोजणारा कोल्टर काउंटरही याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याचे छिद्र पेशीच्या मापाचे असते.

डीएनए या पद्धतीने सर्रास वाचला जातो. मग प्रथिनांचे घोडे कुठे अडते?

एकाच ठिकाणी अडत नाही, हीच पंचाईत आहे. डीएनएचा कणा सगळीकडे ऋणभारित, त्यामुळे व्होल्टेज त्याला एकाच दिशेने ओढते. प्रथिनाच्या साखळीत काही अमिनो आम्ले धनभारित, काही ऋणभारित आणि बरीचशी उदासीन. ओढ धड एका दिशेची राहत नाही. त्यात प्रथिन घडी घालून बसलेले असते, ते आधी उलगडावे लागते. डीएनएत अक्षरे चार, इथे वीस, आणि छिद्राच्या अरुंद भागात एका वेळी एकच अमिनो आम्ल नसते, शेजाऱ्यांचाही परिणाम प्रवाहावर होतो. वेगाचाही प्रश्न आहेच: मोकळे सोडलेले प्रथिन कधी कधी इतक्या झटकन निसटते की त्याची नोंदच होत नाही.

म्हणून साखळीला लगाम घालणे हे खरे काम. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या सीस डेकर यांच्या गटाने पेप्टाइडला, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळीला, डीएनएची शेपटी जोडली. हेलिकेज हे विकर त्या डीएनएवर पाऊल पाऊल सरकते आणि मागोमाग पेप्टाइडही छिद्रातून ओढले जाते. तोच रेणू पुन्हा पुन्हा वाचता आला आणि एका अमिनो आम्लाचा बदलही ओळखता आला. दुसरा मार्ग क्लिपएक्स या विकराचा: ते एटीपी हे पेशीचे इंधन खर्च करून घडी उलगडते आणि साखळी खेचते.

बातम्यांत मात्र याला सरसकट ‘प्रथिनाचे सीक्वेन्सिंग’, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम वाचणे, म्हटले जाते, ते मला पटत नाही. डेल्फ्टच्या प्रयोगात कोणती पेप्टाइडे आहेत हे आधीच माहीत होते. अनोळखी प्रथिन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे ही फार पुढची पायरी आहे.

जिवाणूच्या प्रथिनाऐवजी सिलिकॉन नायट्राइडच्या कृत्रिम पटलातले छिद्र वापरले तर?

टिकाऊ असते, हव्या त्या मापाचे करता येते, अख्ख्या घडीदार प्रथिनांसाठी सोयीचेही पडते. पण जैविक छिद्राइतकी अणूअणूची हुबेहूब पुनरावृत्ती त्यात साधत नाही.

फॉस्फेट जोडलेले आणि न जोडलेले प्रथिन वेगळे ओळखता येते का?

येते. फॉस्फेटमुळे आकार आणि भार दोन्ही बदलतात, साहजिकच प्रवाहही बदलतो. ऑक्सफर्डच्या हेगन बेली यांच्या गटाने २०१४ मध्येच थायोरेडॉक्सिन या प्रथिनावर हे दाखवले. संपूर्ण क्रम वाचण्याआधी नॅनोपोअरचा उपयोग इथे होईल, असे माझे मत आहे. एकाच प्रथिनाची कोणती रूपे एकत्र नांदतात, हे रेणूगणिक कळणे काही थोडके नाही.

रक्ताच्या थेंबातून थेट आजार ओळखता येईल?

रक्तद्रवात निम्म्याहून अधिक प्रथिन एकट्या अल्ब्युमिनचे. आजाराची खूण असलेले प्रथिन त्याच्या अब्जावधीव्या हिश्श्यानेही असू शकते. शिवाय डीएनएसारख्या त्याच्या प्रती वाढवता येत नाहीत. नुसते छिद्र उघडे ठेवले, तर अल्ब्युमिनच मोजत बसावे लागेल, आणि नको ते रेणू अडकून छिद्र तुंबेल ते वेगळेच. त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी हव्या त्या प्रथिनालाच धरणारा अॅप्टामर (डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा) किंवा प्रतिपिंडाचा तुकडा बसवतात. अशी चाचणी ठरावीक खुणेपुरतीच चालते. ‘थेंब टाका, सगळी प्रथिने पाहा’ असे यंत्र कोणी विकत असेल, तर आधी अल्ब्युमिनचे काय केले ते विचारा.