मुलीला क्रीडाविज्ञानात एम.एस्सी. करायचे आहे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या प्राणिशास्त्र हा विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे, ८०० मीटर शर्यतीत ती राज्य पातळीपर्यंत पोहोचली, मात्र नडगीच्या हाडाला वारंवार स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग) झाल्याने तिचे धावणे थांबले, आणि आता तिला व्यायाम व क्रीडाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. "शेवटी पी.टी.ची बाईच होणार, मग सरळ बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी) कर", असे नातेवाईक म्हणतात, तर प्रवेश मिळवून देणाऱ्या एका एजंटाने ब्रिटनमधील एका वर्षाची पदवी सुचवली असून त्यासाठी अर्धा एकर जमीन विकण्यापर्यंत घरात चर्चा आली आहे. हा विषय नेमका काय आहे, त्यावर पोट भरेल का आणि परदेशी जावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती मला फार मोलाची वाटली. दुसऱ्यांदा दुखापत झाल्यावर तिने प्रशिक्षकांना विचारले की, सोबतच्या मुलींनी तितकेच अंतर धावूनही त्यांना काही होत नाही, मग माझेच हाड का दुखावते, आणि तिला उत्तर मिळाले, "सहन करायला शिक." तिने विचारलेला प्रश्न हा या शास्त्राचा अगदी गाभ्याचा प्रश्न आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायावर येतो. या ताणाने हाडात अतिसूक्ष्म इजा होत राहतात, शरीर त्या भरून काढते, आणि या झिजण्या-भरण्यातूनच हाड बळकट होते. परंतु सरावाचा भार भरपाईच्या वेगापेक्षा झपाट्याने वाढला, तर इजा साठत जातात. त्यात खेळाडू मुलगी जेवढी ऊर्जा खर्च करते तेवढी अन्नातून मिळवत नसेल, तर शरीर काटकसर करू लागते, पाळी अनियमित होते किंवा थांबते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडांची घनता कमी होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता' अशा अर्थाचे नाव देऊन तिच्याकडे जगभरच्या प्रशिक्षकांचे लक्ष वेधले. आपल्या मुलीच्या बाबतीत असेच घडले, असे मी दुरून म्हणू शकत नाही. ते तपासणे क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे आणि ती तपासणी तिने अवश्य करून घ्यावी. मला सांगायचे आहे ते इतकेच की तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते मोजता येते, आणि ते मोजण्याचे शिक्षण देणारी एम.एस्सी. असते.

आता विषयाविषयी. मैदानावर मुलांना रांगेत उभे करणे म्हणजे हा विषय नव्हे. मानवी हालचालींचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्राच्या मुख्य शाखांपैकी एक म्हणजे एक्सरसाइज फिजिऑलॉजी, अर्थात व्यायामात हृदय, फुप्फुसे, स्नायू आणि चयापचय कसे वागतात याचा अभ्यास. दुसरी बायोमेकॅनिक्स, जिच्यात बल, वेग आणि सांध्यांचे कोन यांच्या आधारे हालचालींचे विश्लेषण होते. मेंदू हालचाल कशी शिकतो व नियंत्रित करतो, याचा अभ्यास करणारी मोटर कंट्रोल ही तिसरी, आणि त्यांना जोडून क्रीडा मानसशास्त्र, क्रीडा पोषण व प्रशिक्षणशास्त्र येतात. एम.एस्सी.चा विद्यार्थी ट्रेडमिलवर धावणाऱ्या व्यक्तीच्या तोंडावर मुखवटा बसवून तिचा श्वास वायुविश्लेषकातून तपासतो आणि ती जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, म्हणजे तिचा व्हीओ-टू मॅक्स किती, हे काढतो. बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त घेऊन, जोरदार व्यायामात रक्तात वाढणारे लॅक्टेट हे द्रव्य कोणत्या वेगाला चढू लागते ते पाहतो. फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाचा जोर मोजणाऱ्या पाटावर, उडी मारायला लावून डाव्या-उजव्या पायातील फरक नोंदवतो. आणि मग बराचसा वेळ संगणकासमोर बसून आकडेवारीचे विश्लेषण करतो, हेही तिला आधी माहीत असलेले बरे.

तिच्याच शर्यतीचे उदाहरण घ्या. ८०० मीटर ही निव्वळ वेगाची शर्यत आहे, असे आपल्याकडे अनेक मैदानांवर आजही मानले जाते आणि मुलींना त्याच हिशेबाने पळवले जाते. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर असे दिसते की या शर्यतीतील निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रक्रियेतून येते. हे कळले की आठवड्याच्या सरावाची मांडणीच बदलते. प्रयोगशाळेतील आकडा आणि मैदानावरील निर्णय यांच्यामध्ये उभी राहू शकणारी माणसे आपल्या राज्यात फार कमी आहेत, आणि ज्या मुलीने स्वतः स्पाइक्स घालून ही शर्यत पळली आहे आणि जी प्राणिशास्त्रात शरीरक्रियाशास्त्र शिकली आहे, तिने तिथे उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

या शास्त्राचे क्षेत्र खेळाडूंपुरते मर्यादित नाही. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयरोग कमी आढळला होता. त्या वाटेने पुढे हृदयविकारानंतरचे पुनर्वसन, मधुमेहींसाठी व्यायामाची मात्रा, वृद्धांचे पडणे टाळणे असे मोठे क्षेत्र उभे राहिले. आपल्याकडे मधुमेह ज्या प्रमाणात आहे ते पाहता, पुढील काळात या ज्ञानाची गरज स्टेडियमइतकीच रुग्णालयांतही भासेल, असे माझे मत आहे.

पोटापाण्याचा प्रश्न मात्र अधिक काळजीने पाहावा लागेल, कारण इथे पालक आणि विद्यार्थी सर्वाधिक फसतात. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पदव्या वेगवेगळ्या कायद्यांच्या आणि नियमांच्या कक्षेत येतात, आणि एकीच्या बळावर दुसरीचे काम करता येत नाही. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली बी.पी.एड. पदवी लागते; क्रीडाविज्ञानातील एम.एस्सी. तिची जागा घेत नाही. दुखापतीवर उपचार करायचे असतील तर फिजिओथेरपीचीच पदवी आणि त्या व्यवसायाच्या परिषदेकडे नोंदणी हवी. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगही नेमला आहे. एखाद्या जाहिरातीत "स्पोर्ट्स रिहॅब" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला अभ्यासक्रम करून आपण गुडघ्यावर उपचार करू शकू, असे तिला वाटत असेल तर तो समज आजच दूर करावा. उपचार करणे हेच तिचे खरे स्वप्न असेल, तर पुन्हा पदवीपासून फिजिओथेरपी करावी लागेल. मार्ग लांब आहे, पण दुसरा नाही.

महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक हे पद असते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञान या विषयातील किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी, नेट अथवा सेट ही पात्रता परीक्षा, स्पर्धांतील सहभागाची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी अशा अटी घालतात. म्हणजे क्रीडाविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीधराला हे दार बंद नाही. तिने आंतरमहाविद्यालयीन आणि राज्य स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रे नीट जपून ठेवावीत, हे मी आवर्जून सांगतो.

तिने ज्या कामाचे वर्णन आपल्याजवळ केले आहे ते या सर्वांहून वेगळे, म्हणजे खेळाडूंच्या कामगिरीचे मोजमाप व नियोजन करण्याचे आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरण आपल्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांसाठी एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट, बायोमेकॅनिक्स तज्ज्ञ, स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग (खेळाडूंची ताकद व क्षमता वाढवणारे प्रशिक्षण) तज्ज्ञ अशा पदांच्या जाहिराती काढते. महाराष्ट्रात प्राधिकरणाची केंद्रे मुंबईत कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, खासगी अकादमी आणि व्यावसायिक लीगमधील संघ यांनाही अशा माणसांची गरज असते. पण हे स्पष्ट लिहिले पाहिजे की यांतील पुष्कळशा नेमणुका कंत्राटी असतात, बदलीची आणि प्रवासाची तयारी लागते, आणि पहिली काही वर्षे उत्पन्न बेताचे असते. शिक्षकाच्या कायम नोकरीची सुरक्षितता आपण स्वतः अनुभवली आहे, म्हणून आपल्याला हे खटकेल. तरीही जिथे प्रशिक्षित माणसे मोजकी आहेत अशा क्षेत्रात चांगली तयारी असलेली मुलगी मागे राहत नाही, असा माझा विश्वास आहे.

शिक्षण कुठे घ्यावे याबाबत मी आधी देशातच पाहीन. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून या क्षेत्रात आहे. याशिवाय मणिपाल, चेन्नईतील श्री रामचंद्र उच्च शिक्षण व संशोधन संस्था, अमृतसरचे गुरु नानक देव विद्यापीठ आणि इंफाळचे राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ येथे क्रीडाविज्ञानाचे विभाग आहेत. काही अभ्यासक्रमांना शारीरिक शिक्षणाचीच पदवी लागते, तर काही ठिकाणी जीवशास्त्र शाखेचे पदवीधर चालतात. त्यामुळे त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मिळवून प्राणिशास्त्राची पदवी पात्र ठरते का, हे सर्वांत आधी पाहावे. शाखा निवडताना तिने एक्सरसाइज फिजिऑलॉजी घ्यावी, असे मी सुचवेन. बायोमेकॅनिक्सला भौतिकशास्त्र आणि गणिताचा पाया भक्कम लागतो, आणि पदवीला ते विषय सुटलेले असतील तर पहिल्याच सत्रात दमछाक होते.

संस्थेचे मूल्यमापन इमारतीवरून करू नये. वायुविश्लेषक चालू स्थितीत आहे का आणि विद्यार्थ्यांना तो स्वतः हाताळू देतात का, की प्रात्यक्षिकाच्या दिवशी दुरून दाखवतात, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारावे. प्रबंधासाठी खरे खेळाडू उपलब्ध होतात का, मार्गदर्शक प्राध्यापकांचे शोधनिबंध कोणत्या विषयावर आहेत आणि मागील तुकडीतील मुले आज कुठे काम करत आहेत, या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या विभागापासून दूर राहिलेले बरे.

परदेशाबद्दल मी ठामपणे लिहितो: एका वर्षाच्या पदवीसाठी जमीन विकू नये. ब्रिटनमधील लफबरोसारखी विद्यापीठे या विषयात खरोखरच अग्रगण्य आहेत आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात तर मानवी हालचाल व पोषणशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तेथील संघांमधील मोजक्या जागांसाठी स्थानिक पदवीधरांचीच रांग असते, आणि एका वर्षात प्रवेश, प्रबंध आणि नोकरीचा शोध हे सारे उरकावे लागते. ज्या एजंटाला प्रवेशामागे दलाली मिळते, तो ही बाजू सांगत नाही. देशात एम.एस्सी. करून, एखादा चांगला प्रबंध हाती घेऊन, मग शिष्यवृत्तीसह पीएच.डी.साठी जाणे, किंवा अमेरिकेत अध्यापन साहाय्यक म्हणून काम करून शुल्कात सवलत मिळवणे, हे मार्ग अधिक शहाणपणाचे आहेत. जर्मनीत कोलोनला केवळ क्रीडाविज्ञानाला वाहिलेले विद्यापीठ आहे. तेथे इंग्रजीतून चालणारे काही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि शिक्षणशुल्काऐवजी प्रत्येक सत्राचे अंशदान भरावे लागते. तिला जायचेच असेल तर तिने ते संकेतस्थळ स्वतः वाचावे.

आता परीक्षेपर्यंतच्या आणि त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. तिने संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा, कारण या विषयातील बहुतेक अभ्यास थोड्या खेळाडूंवर झालेले असतात आणि दहा-बारा जणींच्या आकड्यांवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे ज्याला कळते तोच पुढे विश्वासार्ह ठरतो. मानवी शरीररचना पुन्हा वाचावी; प्राणिशास्त्रात ती पुरेशी होत नाही. शरीरमापनासाठी आयसॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पहिल्या पातळीचा अल्पकालीन अभ्यासक्रम असतो, तो जमल्यास करावा. स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगकडे कल असेल तर पदवीनंतर देता येणारी सी.एस.सी.एस. ही त्या कामाच्या प्रमाणपत्राची परीक्षा भारतातही ओळखली जाते. आपल्या जुन्या सरावाच्या वह्या तिने टाकल्या नसतील, अशी आशा आहे. त्यांतील आठवड्याचे अंतर, झोप, पाळीच्या तारखा आणि दुखण्याचे दिवस एका तक्त्यात मांडले, तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवण्यासारखे काम आपोआप तयार होईल.

नातेवाइकांनी सुचवलेल्या बी.पी.एड.ला मी कमी लेखत नाही. शाळेतील चांगला क्रीडाशिक्षक किती मुलांचे आयुष्य घडवतो, हे आपल्याला अधिक ठाऊक आहे. मात्र तिला मुलांना शिकवण्याची ओढ असेल तरच तो मार्ग घ्यावा. केवळ सुरक्षित म्हणून घेऊ नये. तिला दोन्हीबद्दल शंका असेल तर एम.एस्सी.नंतरही बी.पी.एड. करता येते, हे लक्षात असू द्यावे.

तिला एकटीला इतक्या लांब पाठवावे का, असे तिच्या आईने विचारले आहे. ग्वाल्हेरची संस्था निवासी आहे. तरीही ग्वाल्हेर असो, चेन्नई असो की मणिपाल, प्रवेश निश्चित करण्यापूर्वी आपण उभयतांनी तिला घेऊन तेथे जाऊन यावे, वसतिगृह आणि भोजनगृह पाहावे, तेथे राहणाऱ्या मुलींशी आईने स्वतः बोलावे आणि तेवढ्या वेळात मुलीने प्रयोगशाळेत जाऊन आपले प्रश्न विचारावेत. अर्जांच्या तारखांसाठी तिने परीक्षेच्या धामधुमीपूर्वीच या संस्थांच्या माहितीपुस्तिका गोळा करून ठेवाव्यात.

आपला,
करिअर मार्गदर्शक