आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत ६८ टक्के. सर्किटचं वेड. आयट्रिपलई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेचं किरखॉफ अवॉर्ड मिळवायचंय म्हणतो. त्यासाठी आयआयटीच हवी, म्हणून त्याची सोल्डरिंग गन, ब्रेडबोर्ड सगळं कपाटात कुलूप लावून ठेवलंय. आयआयटी हुकली तर नुसत्या बीएस्सीने काय होणार? – एक पालक, सांगली

उत्तर : ६८ टक्क्यांची मला काळजी नाही, कुलपाची आहे. हे अवॉर्ड सर्किट आणि सिस्टिम्समधल्या मूलभूत कामासाठी देतात, आणि त्याची तयारी म्हणून तुम्ही पोराच्या हातातलं सर्किटच काढून घेतलंत! मल्टिमीटर लावून व्होल्टेज कुठे पडतंय ते शोधताना तो बारावीच्या पुस्तकातले, करंट-व्होल्टेजचा हिशेब सांगणारे किरखॉफचे नियमच वापरत असतो. खुद्द किरखॉफ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने ते मांडले १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना. तुमचा मुलगा सध्या काय बनवत होता, याची पत्रात एक ओळही नाही. विचारलंत का कधी?

शिवाय हे अवॉर्ड अर्ज करून मिळत नाही. दुसऱ्यांनी नाव सुचवावं लागतं, तेही दीर्घकाळ टिकणारं काम पाहून. २००५ मध्ये ते पहिल्यांदा दिलं गेलं लिऑन चुआंना, वयाच्या साठीनंतर. नॉनलिनियर सर्किटच्या (ज्यात करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही) सिद्धांताचा पाया त्यांनी घातला, आणि त्यांची पहिली पदवी फिलिपिन्समधल्या मनिलाच्या मापुआ या कॉलेजची. सतरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात हे बसवू नका.

आता ‘नुसती बीएस्सी’. २०१६ मध्ये हेच अवॉर्ड पी. पी. वैद्यनाथन यांना मिळालं. ते कॅलटेकचे प्राध्यापक, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगमधलं, म्हणजे आवाज-चित्रासारख्या सिग्नलवर आकड्यांच्या रूपात काम करण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी आधी कलकत्ता विद्यापीठातून फिजिक्समध्ये बीएस्सी केली, मग तिथूनच रेडिओफिजिक्स अँड इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीटेक आणि एमटेक. पीएचडीला ते अमेरिकेत गेले. यात आयआयटी कुठेच नाही. बीएस्सी म्हणजे हरलेल्यांची रांग, हे आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी पसरवलेलं खूळ आहे. चांगलं फिजिक्स आणि पक्कं गणित असेल तर त्या पदवीवरूनही सर्किटकडे जाता येतं. मात्र गणित कच्चं असेल तर कुठलीच शाखा वाचवणार नाही. तिथे त्याला मदत लागत असेल तर ती मिळवून द्या.

जेईई, सीईटी दोन्ही देऊ द्या. ईअँडटीसीसाठी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) कॉलेज बघाल तेव्हा प्लेसमेंटच्या आकड्यांआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, कॉलेज सुटल्यावर लॅब वापरू देतात का. आणि पुढचं पत्र तुम्ही नका लिहू, त्याला लिहू द्या.