लाल औषध आणि मानेवरची खाज

प्रश्न : ताई, लहानपणी गुडघा फुटला की आई लाल औषध लावायची आणि जखमेभोवती पुरळ उठायचं. आता गोरेपणाची क्रीम लावतेय तर मानेवर अगदी तसंच खाजतंय, काही संबंध असेल का हो?

उत्तर : असू शकतो, तुम्हाला पाऱ्याची अ‍ॅलर्जी असेल तर. ते लाल औषध म्हणजे मर्क्युरोक्रोम, त्यात पारा, आणि काही गोरं करणाऱ्या क्रीममध्येही गुपचूप पारा घालतात, खरं तर आपल्याकडे डोळ्यांचा मेकअप सोडला तर कॉस्मेटिकमध्ये १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर पारा चालतच नाही. डबीवर कॅलोमेल (पाऱ्याचंच एक संयुग) दिसलं किंवा घटकच छापलेले नसले तर आधी लावणं बंद करा. मग स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायला पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात (तोवर पाठीवर पाणी नाही, उन्हाळ्यात नुसता वैताग!). आयड्रॉप्सवर थायोमर्सल लिहिलंय का तेही बघा, त्यातही पाराच.