वाचकांच्या शंका : पेनड्राइव्हवरचे आटोपशीर लिनक्स

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात २ जीबी रॅमचे जुने संगणक आहेत. त्यांच्या हार्ड डिस्क निकामी झाल्याने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘लाइव्ह’ (हार्ड डिस्कवर न बसवता थेट चालणारे) लिनक्स घालून आम्ही ते चालवतो आणि केलेले बदल टिकून राहावेत अशी सोयही त्यावर केली आहे. जागा मोकळी व्हावी म्हणून ऑफिस, खेळ, ईमेल असे नको ते सारे काढून टाकले. पण मोकळी जागा वाढण्याऐवजी थोडी घटलीच. हे कसे? आम्हाला फक्त ब्राउझर, पीडीएफ वाचण्याची सोय आणि मराठी टंकलेखन एवढेच हवे आहे.
— एक ग्रंथपाल, जिल्हा सोलापूर

उत्तर : आपण काढलेल्या गोष्टी प्रत्यक्षात निघालेल्याच नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्हवर संपूर्ण प्रणाली स्क्वॅशएफएस या पद्धतीने दाबून बसवलेल्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल केवळ वाचता येते, तिच्यात काही बदलता येत नाही. संगणक सुरू होताना तिच्यावर ओव्हरलेएफएस नावाचा लिहिता येण्याजोगा थर चढवला जातो, आणि आपले सगळे बदल त्या वरच्या थरात नोंदले जातात. छापील यादीवर पारदर्शक कागद ठेवून त्या कागदावर एखादे नाव खोडावे, तसाच हा प्रकार आहे. ऑफिस ‘काढले’ म्हणजे ‘ही फाइल दाखवू नये’ अशी खूण वरच्या थरात पडली. खालची फाइल जशीच्या तशी राहिली. शिवाय पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नोंदवही आणि लॉग (कामकाजाच्या नोंदी) नव्याने त्याच थरात लिहिले गेले, म्हणून जागा उलट कमी झाली.

तेव्हा काटछाट करायची ती स्क्वॅशएफएस फाइल तयार होण्यापूर्वी. तयार वितरणाची (डेबियनसारख्या लिनक्सच्या तयार संचाची) ती फाइल उलगडून, आत शिरून, नको ते काढून पुन्हा दाबता येते. पण या वाटेने जाऊ नये, असे माझे मत आहे. भरलेल्या घरातून सामान काढत बसले की काय काढले यापेक्षा काय उरले आहे याचाच पत्ता लागत नाही. त्याऐवजी रिकाम्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आत गेलेल्या प्रत्येक पॅकेजचे कारण आपल्याला ठाऊक असते.

यासाठी डेबियनचे लाइव्ह-बिल्ड हे साधन उत्तम आहे. डेबियन असलेल्या एखाद्या चांगल्या संगणकावर ते बसवावे, रिकाम्या फोल्डरमध्ये ‘एलबी कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी, हव्या असलेल्या पॅकेजांची यादी ‘कॉन्फिग’मधील ‘पॅकेज-लिस्ट्स’ या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावी आणि प्रशासकाच्या अधिकाराने ‘एलबी बिल्ड’ चालवावे. (येथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत द्याव्यात.) आकार खऱ्या अर्थाने कमी होतो तो कॉन्फिगच्या दोन पर्यायांनी. ‘एपीटी-रेकमेंड्स’ला ‘फॉल्स’ हे मूल्य दिले की एका पॅकेजबरोबर त्याने शिफारस केलेली इतर पॅकेजे आपोआप येत नाहीत. आणि डेबूटस्ट्रॅपला (मूळ प्रणाली उभी करणाऱ्या साधनाला) ‘मिनबेस’ हा प्रकार सांगितला की पायाच मुळात अगदी जुजबी रचला जातो.

मात्र येथेच नवखे अडकतात. शिफारशी बंद केल्या की ‘यूजर-सेटअप’ आणि ‘सुडो’ ही दोन पॅकेजेही गळतात. लाइव्ह प्रणालीत वापरकर्ता निर्माण करण्याचे काम त्यांच्यावर असते. ती नसली तर इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची तयार फाइल) बिनतक्रार तयार होते, सुरूही होते, पण आत प्रवेशच करता येत नाही. म्हणून ही दोन नावे यादीत हाताने लिहावीत. त्यांच्याबरोबर जोडणीसाठी नेटवर्क मॅनेजर, वायफायसाठी डब्ल्यूपीए सप्लिकंट आणि सुरक्षित संकेतस्थळांसाठी सीए-सर्टिफिकेट्सही लिहावीत.

उरलेली यादी आपल्या गरजेपुरती ठेवावी : पडद्यावर खिडक्या आणि चित्रे दाखवणारा एक्स सर्व्हर, त्या खिडक्या सांभाळणारा ओपनबॉक्ससारखा हलका विंडो मॅनेजर, फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती, पीडीएफसाठी एव्हिन्स किंवा झथुरा आणि लिहिण्यासाठी माउसपॅड. यातला ब्राउझर हाच सर्वांत जड घटक आहे, आणि त्याला खरोखर पर्याय नाही. हलके ब्राउझर अनेक सरकारी संकेतस्थळांवर कोलमडतात. मराठीसाठी लोहित देवनागरी हा फॉन्ट पुरतो. जगातील बहुतेक लिपींचा भार असलेला नोटोचा मोठा संच त्यासाठी घेण्याची गरज नाही. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक मांडणी एक्समध्ये मुळातच असते, त्यामुळे बूट करतानाच ‘कीबोर्ड-लेआउट्स’ या पर्यायाला ‘यूएस’ आणि ‘इन’ ही मूल्ये दिली की वेगळे काही बसवावे लागत नाही. उच्चाराप्रमाणे टंकणारे वाचक असतील तर आयबस (टंकलेखनाच्या पद्धती पुरवणारे साधन) आणि त्याचे एम१७एन हे पूरक पॅकेज घालावे लागेल.

फर्मवेअरवर (वायफाय कार्डासारखे भाग चालण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर) मात्र कात्री जपून चालवावी. लाइव्ह-बिल्ड सगळे फर्मवेअर आपण होऊन आत घेते. ते ‘फर्मवेअर-क्रूट’ या पर्यायाने थांबवता येते. आपले संगणक ठरलेले असल्याने ‘एलएसपीसीआय’ने वायफाय कार्ड पाहून इंटेल, रिअलटेक किंवा अॅथेरॉस यांपैकी नेमके तेवढेच पॅकेज यादीत लिहावे. डेबियन १२ पासून हे साहित्य ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात असते, तो विभाग कॉन्फिगमध्ये सुरू करण्यास विसरू नये. पेनड्राइव्ह खिशात घालून कुठल्याही संगणकाला लावायचा असेल, तर मात्र जागेचा लोभ सोडावा आणि सारे फर्मवेअर राहू द्यावे.

मदतीची पाने आणि परभाषांतील अनुवादही हुकच्या (इमेज तयार होताना आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीच्या) साहाय्याने उडवता येतात. त्यात मराठीचे ‘एमआर’ हे फोल्डर चुकून जाऊ देऊ नये. इमेज इतर वाचनालयांना देणार असाल तर ‘डॉक’ फोल्डरमधील ‘कॉपीराइट’ फाइली जागेवरच ठेवाव्यात, कारण परवान्यांचा मजकूर त्यांतच असतो.

एवढे केल्यावर इमेज सहज एका जीबीच्या आत बसते. आता आपण न विचारलेला एक मुद्दा : वाचनालयात बदल टिकवण्याची सोय ठेवूच नये. ती नसली की संगणक बंद होताच एका वाचकाचे लॉगिन, त्याने पाहिलेली पाने आणि उतरवून घेतलेली कागदपत्रे नाहीशी होतात, आणि पुढच्याला कोरी प्रणाली मिळते. ज्याला फाइल हवी त्याने ती स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यावी. ही सोय गेली की बूट करताना ‘टूरॅम’ हा पर्याय देता येतो. मग संपूर्ण स्क्वॅशएफएस फाइल आधी रॅममध्ये उतरते आणि संगणक सुरू झाल्यावर पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकाला लावता येतो. इमेज लहान असण्याचा खरा लाभ येथे दिसतो, कारण २ जीबीपैकी ६०० एमबी प्रणालीने व्यापले तर ब्राउझरला उरलेल्यातच भागवावे लागते. झीरॅम (रॅममधील मजकूर दाबून ठेवण्याची सोय) सुरू ठेवल्यास थोडी उसंत मिळते. तरीही एकाच वेळी पाच-सहा टॅब उघडणाऱ्या वाचकाला समजावावे लागेल.

प्रश्न : ‘डीडी’ या इमेज जशीच्या तशी उतरवणाऱ्या आज्ञेने इमेज लिहिल्यापासून माझा १६ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये फारच लहान दिसतो. तो खराब झाला का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. ‘डीडी’ने इमेजमधील विभागणीचा तक्ताच पेनड्राइव्हवर उतरवला, आणि त्या तक्त्याला इमेजपुरतीच जागा ठाऊक आहे. लिनक्समध्ये ‘एफडिस्क’ने उरलेल्या जागेत आणखी एक विभाग करता येतो. त्याला ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून ‘परसिस्टन्स’ असे लेबल दिले, त्यात ‘परसिस्टन्स डॉट कॉन्फ’ ही फाइल ठेवून तिच्या एकमेव ओळीत तिरकी रेघ, एक मोकळी जागा आणि ‘युनियन’ हा शब्द लिहिला, व बूट करताना ‘परसिस्टन्स’ हा पर्याय दिला, की डेबियन लाइव्हमधील आपले बदल तेथे साठतात. पुन्हा ‘डीडी’ वापरण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ने उपकरणाचे नाव अवश्य पाहावे, एका अक्षराची चूक झाली तर ही आज्ञा काहीही न विचारता हार्ड डिस्क पुसून टाकते.

प्रश्न : ३२ बिटच्या संगणकासाठी अशी इमेज करता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : डेबियन १२ घेऊन करता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर दिलेला नाही. मात्र त्याआधी ‘एलएससीपीयू’ चालवून पाहावे. ३२ बिटचे विंडोज घातलेल्या अनेक संगणकांचा प्रोसेसर मुळात ६४ बिटचा असतो. कोअर टू ड्युओ असेल तर तो निश्चितच ६४ बिटचा आहे, आणि मग जुन्या आवृत्तीचे कारण उरत नाही.