दुकानांवर रंगवलेलं स्वित्झर्लंड खरं की दिखाऊ?

प्रश्न: उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे ओहायोला होतो. एक दिवस शुगरक्रीकला गेलो तर काय, अख्ख्या मेन स्ट्रीटवर स्वित्झर्लंड! दुकानांच्या भिंतींवर बर्फाचे डोंगर, घंटा बांधलेल्या गायी, आणि शिवाय ते भलंमोठं कुकू क्लॉक. मी फोटो काढत सुटले तर जावई म्हणाले, आई हे सगळं टुरिस्टांसाठी आहे, खरं काही नाही. खरंच का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, जावई अर्धे बरोबर आहेत. (पण हे त्यांना लगेच सांगू नका.)

शुगरक्रीकच्या आसपास स्विस माणसं १९व्या शतकात आली, गायी पाळल्या, चीज करायला लागली आणि ते चीज आजही होतंय, त्यामुळे स्विसपणा काही उसना नाही. पण दुकानं मात्र अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावासारखी साधी विटांची, त्यांच्यावरचं लाकूडकाम आणि चित्रं पार २०व्या शतकातली, तिथला स्विस फेस्टिव्हलही १९५३ पासूनचा. गाव जुनं, मेकअप नवा. संशय घ्यायचाच तर त्या घड्याळावर घ्या, कारण कुकू क्लॉक मुळात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं, आणि हे तर आधी शेजारच्या विल्मट गावात होतं, तिथून उचलून आणलंय!

विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसचंही असंच. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात) उपासमार आणि बेकारी वाढली म्हणून १८४५ मध्ये तिथल्या लोकांनी येऊन हे गाव वसवलं, पण दुकानांना शॅलेचं, म्हणजे डोंगरातल्या स्विस लाकडी घराचं, रूप द्यायचा सपाटा सुरू झाला तो १९६२ मध्ये दुधाचा कारखाना बंद पडल्यावर. रोजगार गेला, मग गावाने आजोळ बाहेर काढून दर्शनी भागावर लावलं. मला यात खोटेपणा वाटत नाही, पोटाचा प्रश्न होता.

गंमत म्हणजे शुगरक्रीकच्या रस्त्यावरून काळ्या बग्ग्या जातात ना, त्या आमिश लोकांची, म्हणजे साधेपणाने जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या माणसांची, मुळंही स्विस, त्यांचा पंथ १६९३ च्या सुमारास याकोब अमान याच्यामुळे वेगळा झाला. पण त्यांना सजावट, भपका काही चालत नाही, त्यामुळे स्विस चित्रांसमोरून स्विस वंशाची माणसं तिकडे न बघता जातात.

आता गायींचं. त्या मात्र कुठल्या टुरिस्ट ऑफिसने शोधलेल्या नाहीत. स्वित्झर्लंडच्या अपेनझेल भागात उन्हाळ्याच्या तोंडाला गुरं डोंगरावर चरायला नेतात, आपल्या पोळ्यासारखाच थाट असतो, फक्त बैलांऐवजी गायींचा. आणि १९व्या शतकात तिकडचे शेतकरी चित्रकार हीच मिरवणूक लांबलचक अरुंद पट्टीवर रंगवायचे, एकामागे एक गायी, अगदी ओळीत. दुकानाच्या दारावरची आडवी जागा म्हणजे तशी पट्टीच की!

अपेनझेलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे पांढऱ्या शेळ्या आणि त्यांना हाकणारी पोरं असतात, मग पिवळ्या विजारीतला गुराखी, त्याच्यामागे मोठ्या घंटा घातलेल्या तीन गायी आणि नंतर बाकीचा कळप. तुमच्या फोटोंत गायींच्या पुढे शेळ्या दिसतायत का बघा, दिसल्या तर तो फोटो जावयांना पाठवा.