सासूला ‘आत्ती’, सासऱ्याला ‘मामा’ का?

पुण्यात वाढलेली आणि लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलेली एक वाचक विचारते : “मी सासूबाईंना पहिल्यापासून आई म्हणते. पण त्या जाऊबाईंपाशी बोलल्या की धाकटी मला आत्ती म्हणत नाही. आत्ती म्हणजे आत्याच ना? आईपेक्षा आत्या जवळची कशी? आणि सासऱ्यांना मामा का म्हणायचं?”

होय, आत्ती म्हणजे आत्याच. आपल्याकडे मामाची मुलगी करून घ्यायची जुनी रीत. अशा लग्नात मुलगी सासरी जाते ती स्वतःच्या आत्याच्या घरी, आणि सासू झाली तरी ती तिची आत्याच राहते. पुढे नात्याबाहेरून सुना येऊ लागल्या, पण हाक तीच टिकली. त्यामुळे सुनेनं ‘आत्ती’ म्हटलं की सासूला ऐकू येतं ते असं : ही माझ्या भावाची लेक, माझ्या माहेरची. ‘आई’ ही हाक मायेचीच आहे, यात शंका नाही. पण त्या हाकेत सासूचं माहेर येत नाही. तुमच्या सासूबाईंना चुकल्यासारखं वाटलं असेल ते तेवढंच, असं मला वाटतं.

कन्नडमध्ये तर हे अगदी उघड दिसतं. तिथं अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. मावा म्हणजे मामाही, आत्याचा नवराही आणि सासराही; सासू ही आत्या, तर तिचा नवरा मामा, असा हा हिशेब. अळिय म्हणजे भाचाही आणि जावईही. आपल्या भागातल्या कन्नड बोलीत अत्तेचं ‘अत्ती’ होतं, त्यामुळे बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्लीत मराठी घरातली आणि कन्नड घरातली सून जवळपास एकाच शब्दानं सासूला हाक मारते. मात्र १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं म्हणून हे आलं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. ‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’ या हाका घाटावरच्या जुन्या मराठी घरांतही होत्याच. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नात्यागोत्याच्या बाबतीत महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून मांडला, तो याच कारणांनी.

आणखी एक गोष्ट बघा. सासू, सून, जाऊ, नणंद हे शब्द आपण एकमेकींना हाक मारायला सहसा वापरत नाही. थोरल्या जावेला अक्का, दिराला भावजी, धाकट्या जावेला नावानं. ‘सासू’ हा शब्द तोंडावर आलाच तर बहुतेक वेळा भांडणात येतो. स्वयंपाकघरातलं रोजचं बोलणं असं असतं :

“आत्ती, भाकरी थापू काय?”
“थाप की गं. पीठ मळून ठेवलंय.”

यातल्या ‘की’नं पुण्याच्या कानाला दचकायला होतं, कारण तिकडं ‘थाप की’ म्हणजे ‘अजून का थापली नाहीस’ असा सूर लागतो. इकडं तो ‘की’ आज्ञा मऊ करतो. ‘या की’, ‘बसा की ओ’, ‘जेव की’ ही सगळी आग्रहाची बोलणी आहेत, आणि नव्या सुनेनं त्यांचा राग धरला तर विनाकारण मन दुखावतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण घरातला अबोला पुष्कळदा अशाच एखाद्या अक्षरावरून सुरू होतो आणि कशावरून सुरू झाला हे नंतर दोघींनाही सांगता येत नाही.

तुम्ही आई म्हणणं सोडा, असं मी सांगणार नाही. एखाद्या दिवशी ‘आत्ती’ म्हणून बघा, आणि आवडलं तर दोन्ही हाका चालू द्या. तू की तुम्ही, हे घरोघर वेगळं असतं; थोरल्या जाऊबाई जे म्हणतात तेच धरा. सासऱ्यांना मामा म्हणताना नवऱ्याचे सख्खे मामा घरी आले तर काय, हा प्रश्न येईलच. त्यांना गावाचं नाव लावतात : निपाणीचे मामा, चिकोडीचे मामा. नुसते ‘मामा’ म्हणजे घरचे.